गालिच्याच्या दशा काय सांगतात?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आम्ही शहरातील एका दुकानातून ‘हातमागावर विणलेला’ म्हणून सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा घेतला. आता एका टोकाच्या दशा शिवणीतून सुटल्या आहेत आणि गालिचा उचलला की खाली भुकटी पडलेली दिसते. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, हा ‘हँड टफ्टेड’ आहे, तेही हातकामच. या शब्दांचा नेमका अर्थ काय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘शिवणीतून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. विणकाम संपल्यावर ताण्याची जी टोके उरतात, त्यांनाच आपण दशा म्हणतो, मग त्या उपरण्याच्या असोत वा गालिच्याच्या. विणलेल्या गालिच्याच्या दशा झिजतील, तुटतील. परंतु शिवण उसवून सुटणार नाहीत, कारण त्या मुळात शिवलेल्याच नसतात.

गाठीच्या गालिच्यात ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतात आणि गाठींची ओळ पूर्ण झाली की बाणा घालून ती पंज्याने, म्हणजे दातेरी हत्याराने, ठोकून बसवतात. गाठींच्या कापलेल्या टोकांची जी उभी लव दिसते, ती पाइल. (सतरंजीला ही लव नसते, तिच्यात बाणाच इतका घट्ट ठोकतात की ताणा झाकला जातो.) गालिचा उलटला की गाठी मोजता येतात. एका इंचात आडव्या 10 आणि उभ्या 10 गाठी असतील, तर आपल्या मापाच्या गालिच्यात 7,77,600 गाठी होतात. एका विणकराने दिवसाला 8,000 गाठी मारल्या असे धरले, तरी एकट्याचे हे 97 दिवसांचे काम आहे. ब्रिटिश काळात आपल्या येरवड्याच्या कारागृहात बंदिवानांनी विणलेले गालिचे नावाजले गेले, ते याच गाठीच्या कामाचे.

टफ्टेड गालिच्यात मात्र चौकटीवर ताणलेल्या तयार कापडात हातातील टफ्टिंग गनने लोकर टोचून भरतात. तिथे गाठ नसल्याने लोकर धरून ठेवण्यासाठी पाठीला लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर देतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवतात. दशाही वेगळ्या शिवून लावतात. लॅटेक्सचा थर जुना झाला की कोरडा पडून त्याचा भुगा होऊ लागतो. आपल्याला दिसणारी भुकटी बहुधा तीच असावी. काम हाताचे आहे, हे दुकानदारांचे म्हणणे खरे. पण ‘हातमागावर विणलेला’ हे वर्णन सरळ चुकीचे आहे आणि किंमत त्याच शब्दांवर ठरत असल्यामुळे मला ते गंभीर वाटते. बिलावर काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. गालिचा घरी पाण्यात भिजवू नये.

प्रश्न : सुताचा ‘नंबर’ आणि ‘डेनियर’ यांत फरक काय? (एक वाचक, सहकारनगर, पुणे)

उत्तर : दोन्ही मापे धाग्याच्या जाडीचीच आहेत, पण त्यांची दिशा उलट आहे. 840 वारांच्या जितक्या लडी मिळून एक पौंड भरतात, तो सुती धाग्याचा नंबर. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होते. डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन, त्यामुळे तो आकडा वाढला की धागा जाड होतो. 40 नंबरचे सूत सुमारे 133 डेनियरचे भरते.