बायझंटाईन वास्तुकलेतून आजच्या डिझाईनसाठी काय घेता येईल?

तुम्ही विचारलंय की इंटिरिअरच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बायझंटाईनमधून (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या वास्तुकलेतून) घुमट, कमानी आणि सोनेरी मोझॅक याशिवाय काय उचलावं. उजेड उचला. बाकीचं पिंटरेस्टवर ढिगाने आहे.

याच मुद्द्यावर माझं पहिल्या नोकरीत सरांशी वाजलं होतं. एका बँक्वेट हॉलच्या मालकांना लॉबीत ‘बायझंटाईन लुक’ हवा होता. सरांनी अख्ख्या भिंतीसाठी सोनेरी मोझॅकच्या शीट मागवल्या. मी नुकतीच इटलीतल्या राव्हेन्नाला जाऊन आले होते. तिथल्या सान व्हितालेमध्ये (५४७ सालचं चर्च) काचेचे बारीक तुकडे हाताने, एकेक किंचित वेगळ्या कोनात बसवलेत. आपण चालायला लागलो की भिंत लुकलुकते. म्हणून मिस्त्रीकाकांना म्हटलं, शीटवरचे तुकडे सुटे करा आणि जरा वाकडे लावा. “ताई, जन्मभर सरळ लावायला शिकलो,” म्हणाले. तरी दोन बाय दोन फुटांचं सॅम्पल केलं. संध्याकाळी बाजूने दिवा धरला, तर स्वतःच म्हणाले, “हलतंय की हो!” दुसऱ्या दिवशी सरांनी त्यावरून बोट फिरवलं, “खडबडीत आहे” म्हणाले आणि उखडायला लावलं. मग ओळंब्यात सपाट भिंत, समोरून आठ हॅलोजन. उद्घाटनाला मालकांच्या सासूबाईंनी विचारलं, “इथे आधी सराफाचं दुकान होतं का?”

इस्तंबूलच्या हागिया सोफियाचंही (मूळचं चर्च, आता मशीद) तेच. सुमारे ३१ मीटर रुंदीच्या घुमटाचे फोटो सगळे काढतात, पण कमाल त्याच्या पायथ्याच्या ४० खिडक्यांची आहे. तिथून उजेड असा येतो की घुमट कशावर टेकलाय तेच कळत नाही. भिंतींवर संगमरवराचा एकच ठोकळा चिरून पुस्तकासारखा उघडून लावलाय, शिरा दोन्हीकडे जुळतात. आपले व्हीनिअरवाले ज्याला बुकमॅच म्हणतात, तेच. हे बिनधास्त घ्या.

हां, तिथला पहिला, जास्त बसका घुमट ५५८ मध्ये कोसळला होता, तेव्हा खिडक्यांच्या नादात स्ट्रक्चरवाल्यांना विसरू नका. आणि वाकड्या तुकड्यांत धूळ बसते, हात खरचटतो, हे सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मग खांद्याच्या वरून सुरू करायचं. चौदा फूट उंच होती ती भिंत, सर.