‘अखंडतेने जगणे’ : हे मराठी नव्हे

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात बोलण्यासाठी विषय दिलाय, ‘तरुण ख्रिस्ती म्हणून अखंडतेने जगणे’. ‘अखंडता’ त्यांना खटकते. त्याऐवजी ‘प्रामाणिकपणा’ म्हणावं की ‘सचोटी’, असं त्या विचारतात.

खटकायलाच हवी. हा शब्द मी गेली काही वर्षं उपदेशांत, मननांत आणि पत्रिकांवर सारखा ऐकतोय आणि दर वेळी वैतागतो. मराठीत ‘अखंड’ म्हटलं की मध्ये खंड न पडणं आठवतं : अखंड नामस्मरण, अखंड तेवणारी ज्योत. नाहीतर भूमीची अखंडता, म्हणजे तुकडे न पडणं. माणसाच्या चारित्र्याला हा शब्द आपण कधी लावतच नाही. कुणीतरी इंग्रजी ‘इंटिग्रिटी’ कोशात पाहिलं, समोर दिसला तो अर्थ उचलला आणि वाक्यात बसवून टाकला. बोलीत तो शब्द कोण वापरतं, हे पाहिलंच नाही.

‘प्रामाणिकपणा’ चालेल, पण तो आता पैशांच्या व्यवहारापुरता आखडलाय. सापडलेलं पाकीट परत करणारा प्रामाणिक. तो घरी आईशी कसा बोलतो याच्याशी त्या शब्दाचा फारसा संबंध उरलेला नाही.

‘सचोटी’ मात्र मला फार प्रिय आहे. ‘सत्य’चं प्राकृतात ‘सच्च’ झालं, त्यातून ‘सच’ आलं, इथपर्यंत सगळे एकमत. पुढच्या ‘ओटी’बद्दल माझं स्वतःचं मत आहे. ‘कसोटी’ हा शब्द ‘कषपट्टिका’वरून आला, सोनं घासून पाहायची ती काळी पट्टी. मला वाटतं ‘सचोटी’ त्याच्याच कानाला कान लावून घडली असावी : घासून पाहिल्यावर जे खरं उतरतं ते. जाणकार म्हणतात की हे ओढूनताणून आहे, ‘ओटी’ हा साधा प्रत्यय आहे, ‘हातोटी’ नाही का? आहे. पण हातोटी म्हणजे हाताला बसलेलं कसब. मनाच्या गुणाला लागणारा ‘ओटी’ त्यांनी मला अजून दाखवलेला नाही. तोवर माझ्या कानात सचोटीशेजारी कसोटीच वाजत राहणार.

पण खरी गंमत हिब्रूत आहे, आणि ती सांगायचा मोह मला आवरत नाही.

पवित्रशास्त्रात, म्हणजे बायबलात, ज्या ठिकाणी इंग्रजीत ‘इंटिग्रिटी’ येतं, तिथे बहुतेक वेळा मुळात त-म-म या धातूपासून झालेला शब्द असतो : ताम, तमीम, तुम्मा. धातूचा अर्थ पुरं होणं, पुरतं संपणं. आता हा ‘तमीम’ कुठे कुठे भेटतो पाहा. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या 10व्या अध्यायात सूर्य आकाशात थांबतो तो ‘तमीम’ दिवस, म्हणजे अख्खा दिवस. लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात तटबंदीच्या नगरातलं विकलेलं घर सोडवून घ्यायला मुदत मिळते ती ‘तमीम’ वर्षाची, पुऱ्या वर्षाची. लेवीयच्याच 3ऱ्या अध्यायात मेंढराची चरबीदार शेपटी पाठीच्या कण्याजवळून कापून सबंध अर्पायची, तीही ‘तमीम’. आणि वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू ‘तमीम’ असावं लागे. लेवीयच्या 22व्या अध्यायात अर्पणाचं जनावर ‘तमीम’ आहे का हे कसं पाहायचं ते दिलंय : आंधळं आहे का, हाड मोडलंय का, अंगावर खरूज आहे का, एक अवयव लांब नि दुसरा आखूड आहे का. डोळे, पाय, कातडी, सगळं तपासायचं.

आणि मग हाच शब्द माणसाला लावतात! उत्पत्तीच्या 17व्या अध्यायात देव अब्राहामाला म्हणतो, माझ्यासमोर चाल आणि ‘तमीम’ हो. दिवस, वर्ष, शेपटी, कोकरू आणि नव्व्याण्णव वर्षांचा माणूस यांना एकच शब्द. सबंध असणं, कुठलाही भाग कमी नसणं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री मला झोप आली नव्हती.

इथे कुणी म्हणेल, मग ‘अखंड’ बरोबरच होतं की! नाही. अर्थ शेजारचा आहे, पण शब्द मराठीच्या तोंडी बसत नाही. त्यापेक्षा आपल्या जुन्या भाषांतरकारांचा कान चांगला होता. सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाला त्यांनी ‘सात्त्विक’ म्हटलं, आणि त्याची बायको ज्याला अजून चिकटून राहिलास म्हणून त्याला टोचते त्या ‘तुम्मा’साठी ‘सत्त्व’ हा शब्द आणला. सत् म्हणजे असणारं, सत्त्व म्हणजे ते असणंपण. माणूस मुळात जो आहे ते. सत्त्व राखतात, सत्त्वाला जागतात, सत्त्वाची परीक्षा होते. अडचण एवढीच की ‘सात्त्विक’ हल्ली मऊ, सोज्वळ, न रागावणारा अशा अर्थी घसरलाय. ईयोब तसा मुळीच नव्हता. 3ऱ्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. तरीही तो ‘ताम’च आहे.

एक गोष्ट मात्र कृपा करून सभेत सांगू नका : इंग्रजी ‘सिन्सिअर’ (मनापासूनचा, खरा) म्हणजे लॅटिनमध्ये ‘मेणाशिवाय’, शिल्पकार मूर्तीतल्या भेगा मेणाने बुजवत, वगैरे. पाळकांच्या तोंडून ती मी असंख्य वेळा ऐकलीय आणि ती खोटी आहे. अधिक मान्य व्युत्पत्ती ‘एक’ आणि ‘वाढणे’ या अर्थांच्या मुळांकडे जाते, एकाच वाढीचं, निर्भेळ. खरेपणावर बोलताना खोटी व्युत्पत्ती सांगितलेली मला सहन होत नाही.

उदाहरण हवंच असेल तर बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातलं घ्या. पिशवीत दोन वजनं ठेवू नका, एक मोठं, एक लहान. हिब्रूत शब्दशः ‘दगड आणि दगड’ असं आहे. घ्यायला एक, द्यायला दुसरं. आजच्या मुलांना हे लगेच कळतं. कित्येकांच्या फोनवर दोन खाती असतात, एक मंडळीतली माणसं पाहतात ते, आणि एक मित्र पाहतात ते. ते दोन दगड एकाच खिशात असतात. एका मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने काही न बोलता फोन पालथा ठेवला.

तर ताई, विषयाचं नाव ‘सचोटीने जगणारे तरुण’ असं करा. ईयोबावर बोलणार असाल तर ‘सत्त्व धरून राहणे’ घ्या, फक्त ‘सत्त्व’मध्ये दोन ‘त’ आहेत हे पत्रिका छापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.