सोर्सवरून नमपाय-सायपाय बसवताय? आधी एवढं करा

नमपाय आणि सायपाय म्हणजे पायथनमध्ये आकडेमोडीसाठी वापरायच्या लायब्ररी. पहिला प्रश्न: त्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधून, बसवायची खरंच गरज आहे का? नुसतं वापरायचं असेल तर पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) तयार पॅकेज घ्या, पाच मिनिटांत मोकळे व्हाल. कोडमध्ये बदल करायचा असेल किंवा शिकायचं असेल, तर जरूर करा. वाटतं तितकं अवघड नाही.

सुरुवातीला एवढं पुरे:

- वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरती पायथनची स्वतंत्र जागा, बनवा. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून पिप तर अजिबात चालवू नका.
- सी आणि सी++ कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारे प्रोग्राम), पायथनच्या हेडर फाइल्स (सी कोड पायथनशी जोडायला लागतात) आणि ओपनब्लास (मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी) आधी बसवा. सायपायला वरून फोर्ट्रान कंपायलरही लागू शकतो. हो, १९५७ सालची ती भाषा अजून कामाला आहे!
- गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कोड घेताना सबमॉड्यूल्सही, म्हणजे आत जोडलेले इतर प्रकल्पांचे कोडही, घ्या. हे जवळजवळ सगळेच विसरतात.

बिल्ड, म्हणजे कोड बांधायचं काम, फसलं की नवखे लोक शेवटची ओळ वाचतात. तिथे बहुतेकदा फक्त 'फसलं' एवढंच असतं. वर जा, पहिली एरर शोधा. खालच्या शंभर ओळी बऱ्याचदा तिचीच पिलावळ असते. काहीच एरर न देता कंपायलर मध्येच मेला, तर मेमरी संपली असेल. एका वेळी चालणारी कामं कमी करा.

आणि सगळं नीट बसूनही इम्पोर्ट होत नाहीये? तुम्ही अजून सोर्सच्याच फोल्डरमध्ये उभे आहात का बघा. पायथन तिथला न बांधलेला कोड उचलतो. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली होती. बाहेर या, पुन्हा चालवा.

ऑप्टिमायझेशनचे फ्लॅग (वेग वाढवायला कंपायलरला द्यायच्या सूचना) वगैरे नंतर बघू.