“तूच करून दे ना!”

सुट्टी जवळ आली की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. “रंग आणले, कागद आणले, कसं करायचं त्याचे व्हिडिओ लावून दाखवले. पाच मिनिटं झाली की उठतो आणि वर म्हणतो, तूच करून दे ना!” सांगणारी कधी आई असते, कधी बाबा, एकदा आजोबाही होते. पुढचा प्रश्नही ठरलेला. “याच्यात चिकाटीच नाही, की मोबाइलने वाट लावली?”

मोबाइलचा मुद्दा खोटा नाही. पण हाताने काही करायला बसलेलं मूल उठून जातं, तेव्हा अनेकदा त्या टेबलावर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. एका आई-मुलाच्या जोडीबरोबर काम करताना मला हे जितकं लख्ख दिसलं, तितकं पुस्तकांतून कधी दिसलं नव्हतं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते.

मुलगा साडेसात वर्षांचा. आई नीटनेटकी, हौशी, मुलासाठी मनापासून वेळ काढणारी. पहिल्या भेटीत तिने फोनवर पुठ्ठ्याच्या घराचा फोटो दाखवला. खिडक्या एका मापाच्या, छपराची कौलं एकसारखी कापलेली.

“सुंदर झालंय,” मी म्हणाले. “यातलं त्याने काय काय केलं?”

ती फोटोकडे बघत राहिली. “दाराचा रंग त्याचा आहे.” मग थोडं थांबून, “म्हणजे पहिला हात त्याने दिला होता.”

पुढच्या भेटीत मी त्यांना घरी बसतात तसंच इथे बसायला सांगितलं आणि बाजूला झाले. मुलाने पेन्सिलीने चौकोन काढला. “थांब, पट्टीने आख, म्हणजे सरळ येईल.” त्याने कात्री घेतली. “अरे, रेघेच्या बाहेर चाललास, आण इकडे.” डिंक लावायची वेळ आली. “फार झाला, ओघळेल. हे बघ, असं.” आवाजात राग नव्हता, तिरकस शब्द एकही नव्हता. पण दर वेळी वस्तू त्याच्या हातातून तिच्या हातात जात होती. दहा-बारा मिनिटांत मुलाचे दोन्ही हात टेबलाखाली गेले होते. मग ते वाक्य आलं, “आई, तूच करून दे ना.” त्या आवाजात मला आळस ऐकू आला नाही. एखाद्या परीक्षेतून सुटका मागावी, तसा तो आवाज होता.

हे मी आईला लगेच सांगितलं नाही. “तुम्हीच सगळं करता, म्हणून तो करत नाही” हे वाक्य खरं असलं तरी त्याने आई फक्त अपराधी होते आणि पुढच्या वेळी हाताची घडी घालून, श्वास रोखून मुलासमोर बसते. मुलाला तो रोखलेला श्वास बरोबर कळतो.

तिसऱ्या भेटीला ती एकटी आली. मी विचारलं, “तुमच्या हातून काही बिघडलंय आणि तुम्ही ते तसंच पुढे करत बसला आहात, असं त्याने शेवटचं कधी पाहिलं?”

“बिघडू कशाला देईन? तो झोपला की मी रात्री आधी एकदा करून बघते. जमलं की मग दुसऱ्या दिवशी त्याला दाखवते.”

“म्हणजे चुकायचा सगळा भाग तुम्ही तो झोपलेला असताना उरकून टाकता.”

ती काहीच बोलली नाही. खरं सांगायचं तर मीही थांबले होते, कारण ते वाक्य बोलता बोलताच मला उमगलं होतं. तोवर मी फक्त तिच्या हातांकडे बघत होते, हात आवरले की झालं असं धरून चालले होते. पण या मुलाने मोठ्या माणसाला खाडाखोड करताना, चिकटवलेलं उचकटताना, “छे, पुन्हा करू” म्हणताना पाहिलेलंच नव्हतं. त्याच्या लेखी आईच्या हातून वस्तू एकदम पूर्ण होऊनच येते आणि आपल्या हातून कधीच येत नाही. अशा मुलाने “तूच कर” म्हणणं शहाणपणाचंच होतं.

इथे माझा कल सांगून टाकते. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक माझ्या कामाचा आधार आहेत. ते मुलांबरोबर रेघोट्यांचा एक खेळ खेळत. एकाने डोळे मिटून कागदावर कशीही रेघ ओढायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करायचं, मग पाळी उलटी. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की डॉक्टर स्वतःही रेघ ओढत आणि मुलाच्या रेघेचं काय करायचं या कोड्यात पडत. आईने परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झालं, असं ते म्हणत. तिचं थोडं थोडं कमी पडणं, मुलाला पेलेल इतपत, त्याच्या वाढीला लागतंच.

चौथ्या भेटीसाठी मी आईला एकच अट घातली. रात्री काही करून बघायचं नाही. टेबलावर फक्त जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, एक वाडगा आणि खळ. कात्री नाही, पट्टी नाही, नमुना नाही. कागदाच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडून त्या पालथ्या वाडग्यावर चिकटवायच्या, एवढंच.

आईने पहिला कागद आडवा धरला आणि फाडला. पट्टी निम्म्यात वळली आणि निमुळती होत सुटली. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी तिने फार सावकाश, बोटं जवळ धरून फाडली, तरी तेच. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही. मुलगा हात मांडीत ठेवून बघत होता. मग त्याने एक पान ओढलं आणि वरून खाली फाडलं. टर्रर्र करत सरळ, लांब पट्टी हातात आली. त्याने ती डोळ्यांसमोर धरून दोन्ही कडा निरखल्या. दुसरी फाडली. तीही सरळ. मग त्याने मुद्दाम एक आडवी फाडून पाहिली, ती आईसारखीच वाकडी गेली.

“आई, तू चुकीच्या बाजूने फाडतेयस. उभा धर.”

“हो? असा?”

“असा नाही गं. फिरव.”

आईने कागद फिरवला. पट्टी सरळ आली. “अरे, हे मला माहीतच नव्हतं!” ती म्हणाली आणि ते खरं होतं, मुलाला बरं वाटावं म्हणून केलेलं नाटक नव्हतं. माझ्या मते सगळ्याला वळण त्या खरेपणाने दिलं. पुढची चाळीस मिनिटं तो उठला नाही. खळ कोपरापर्यंत गेली, दोन पट्ट्या सुरकुतल्या, एक खाली पडून बुटाला चिकटली. आई एका क्षणी एक सुरकुती सपाट करायला पुढे झाली, थांबली आणि तिने हात स्वतःच्या मांडीखाली घातले. मी तिला ते सांगितलेलं नव्हतं.

(कागद तसा का फाटतो, हे मुलगा विचारणारच. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने लागतात. त्या दिशेने फाडलं की कागद सरळ फाटतो, काटकोनात फाडलं की भरकटतो. वर्तमानपत्रात ती दिशा सहसा वरून खाली असते. उत्तर आधी सांगू नका, त्याला फाडू द्या.)

मधल्या एका भेटीत बाबा आले होते. त्यांनी घरी योजना केली होती, पूर्ण केलंस तर अर्धा तास मोबाइल. मी त्यांना १९७३ सालचा एक प्रयोग सांगितला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, असं आधी सांगितलं. काहींना काही न सांगता शेवटी अचानक ते दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. बाबा म्हणाले, “म्हणजे मीच त्याला सांगत होतो की हे काम कंटाळवाणं आहे.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता हे वाचणाऱ्या आई-बाबांसाठी. वस्तू निवडताना, जिला बरोबर-चूक नसतं अशी निवडा. खळ घरी करा. एक चमचा मैद्याला तीन-चार चमचे पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा, दाटसर आणि किंचित पारदर्शक झाली की उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच मुलाच्या हाती द्या. वाडग्यावर आधी पातळ प्लास्टिक चढवा, नाहीतर वाळलेला कागद सुटत नाही. तीन-चार थर लागतात आणि वाळायला दिवस जातात. ही वाट बघणंही मुलाला करू द्या, रोज बोट लावून बघू द्या. मळायला हवं असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी. लहान भावंड घरात असेल तर ते तोंडात जाणार नाही एवढं बघा, मीठ फार असतं. पानांचे ठसे घ्यायचे तर रंग शिरा उठून दिसतात त्या मागच्या बाजूला लावा. पण हेही आधी सांगू नका, दोन्ही बाजूंचा ठसा त्यालाच घेऊन बघू द्या.

जाड पुठ्ठा कापणं, गरम काही हाताळणं हे तुमचंच काम. तेव्हा रेघ मुलाने मारायची आणि तुम्ही त्या रेघेवरूनच कापायचं. रेघ वाकडी असेल तर वाकडंच कापायचं. हे सगळ्यात अवघड जातं, मला ठाऊक आहे.

आणि शेजारी बसून स्वतःचं वेगळं काहीतरी करा. मूल काय करतंय ते बघत बसू नका. तुमचं बिघडलं तर तोंडाने म्हणा, “हे निसटलं. आता काय करावं?” आणि खरोखर विचार करा. “छान!” म्हणण्यापेक्षा दिसतंय ते सांगा, “इथे तू दोन वेळा उचकटून पुन्हा चिकटवलंस.” “हे काय आहे?” असं विचारू नका, “याचं मला सांग ना,” म्हणा. अर्धवट राहिलेल्या वस्तूंसाठी एक खोकं ठेवा. आज सोडलेलं मूल आठ दिवसांनी पुन्हा त्याच्याकडे वळतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पालकांना खात्रीने सांगते. साधारण आठ-नऊच्या आसपास मुलं आपलं चित्र खऱ्यासारखं झालं का हे स्वतःच तपासू लागतात आणि तिथे कित्येकजण हात आखडता घेतात. त्या वयात तर तुमचं वाकडं काम त्यांच्या डोळ्यांसमोर असायलाच हवं.

आठव्या, शेवटच्या भेटीला मुलगा तो वाडगा घेऊन आला. वाळून खडखडीत झालेला, एका बाजूला चेपलेला, आतून निळा. “चेपलेली बाजू आईची आहे,” त्याने सांगितलं. “आम्ही ती तशीच ठेवली.” येताना त्याने वर्तमानपत्रही आणलं होतं. नवीन, मोठा वाडगा करायचा होता आणि मलाही बसायचं होतं. माझं लक्ष आईशी बोलण्यात होतं, मी पान उचललं आणि आडवंच फाडायला घेतलं. त्याने माझ्या हातातून ते पान घेतलं, फिरवलं आणि परत माझ्याच हातात दिलं.