तिसरी घंटा : आजोबांचं अडुसष्ट साल

प्रश्न : काकू, नमस्कार. माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. उभी हयात नागपूरच्या महाल भागात गेली, नोकरी सरकारी आणि नाद नाटकाचा. आता बाहेर पडणं होत नाही, म्हणून रोज संध्याकाळी पाहिलेल्या नाटकांचे किस्से सांगतात आणि मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करते. गंमत म्हणजे एकच किस्सा दर वेळी वेगळा निघतो. परवा म्हणाले, ‘घाशीराम कोतवाल’ मी लग्नाआधी, अडुसष्ट साली, धनवटे रंगमंदिरात पाहिलं. मी शोधलं, तर त्याचा पहिला प्रयोगच मुळी १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झालेला. तसं सांगितलं, तर दोन दिवस त्यांनी नाटकाचं नाव काढलं नाही. आता खरं-खोटं कसं ठरवू? आणि त्यांना विचारू तरी काय?
– एक नात, मनीषनगर

उत्तर : पोरी, आधी आजोबांना चहा करून दे आणि ‘अडुसष्ट तर अडुसष्ट’ म्हणून टाक. साल कुठे पळून जात नाही.

माझंच ऐक. ‘कट्यार काळजात घुसली’ मी लहानपणी धनवटे रंगमंदिरात पाहिलं, खाँसाहेबांच्या भूमिकेत साक्षात वसंतराव देशपांडे, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. वर्गात सांगितलं, सुनेच्या माहेरी सांगितलं, एका सत्कारात तर माइकवर सांगितलं. नाटक १९६७ चं, लिहिणारे आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. आम्हाला ते घरचंच कार्य वाटायचं, आणि घरच्या कार्याला आपण नव्हतो असं कोण कबूल करेल? पाच वर्षांपूर्वी दादाने जुनी ट्रंक उपसली. तिच्यात बाबांची खर्चाची वही निघाली. एका पानावर निळ्या शाईत ओळ होती : ‘कट्यार, तिकिटं ३.’ आणि तिच्याखाली : ‘बेबीस गोवर. शेजारी ठेवली.’

बेबी म्हणजे मी.

मग मी पाहिलं ते काय? तर त्यानंतर आठ दिवस दादा आईची शाल खांद्यावर टाकून अंगणात खाँसाहेब होऊन फिरत होता. पदं पुढे रेडिओवर ऐकली. एवढ्या भांडवलावर माझ्या डोक्याने अख्खा प्रयोग उभा केला, अगदी रांग आणि खुर्चीसकट. वही वाचली तरी तो काही पुसला गेला नाही. अजूनही डोळे मिटले की वसंतराव दिसतात, फक्त शाल आईची असते.

म्हणून सांगते, दोन वह्या कर. एकीत आजोबा बोलतील ते जसंच्या तसं, चुकांसकट. दुसरीत तुला सापडलेल्या तारखा. पहिली वही त्यांच्यासमोर उघड, दुसरी तुझ्या कपाटात राहू दे. साल हुकलं म्हणजे प्रयोग पाहिलाच नाही असं होत नाही. आम्ही माणसं साल कॅलेंडरवर मोजत नाही. थोरला झाला तेव्हा, बदली झाली तेव्हा, असं मोजतो. ‘तेव्हा तुमच्याकडे सायकल होती का स्कूटर?’ एवढं विचार, चारपाच वर्षांचा घोळ जागच्या जागी सुटेल. लग्नाआधी पाहिलं म्हणतात ना, मग शेजारच्या खुर्चीवर कोण होतं तेही विचार. आजी स्वयंपाकघरात असताना विचार म्हणजे झालं.

‘नाटक कसं होतं?’ हा प्रश्न मात्र टाळ. त्याला ‘फार छान’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘परत कसे आलात?’ असं विचार. आमचे बाबा नाटकातलं सगळं विसरले होते, पण रात्री दीड वाजता सीताबर्डीहून लोहापुलाखालून, कॉटन मार्केट ओलांडून, गांधीसागरच्या कडेने सायकल हाणत घर गाठायचं, पुढे दांड्यावर मी आणि मागे कॅरिअरवर आई, हे त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं. तलावाजवळ आले की ते नटाचं शेवटचं भाषण मोठ्याने म्हणायचे आणि आई म्हणायची, ‘हळू बोला, लोकं झोपून राहिले.’

नागपूरच्या प्रेक्षकाची आणखी एक खास आठवण म्हणजे कूलर. ती आजोबांकडे नसेल तर मी हे सदर बंद करीन. मे महिन्यातला प्रयोग, सभागृहाच्या दोन्ही बाजूंना हे भलेथोरले कूलर, वाळ्याचा ओला वास आणि अखंड घरघर. एका प्रयोगात म्हातारा बाप मरताना मुलाला काहीतरी सांगतो, असा प्रवेश होता. नट पुटपुटतोय आणि पाचव्या रांगेपर्यंत ओठांच्या हालचालीपलीकडे काही पोचत नाही. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, कूलर बंद कर ना बावा!’ कूलर बंद झाले. तो नट गप्प राहिला, पंख्याची शेवटची गिरकी थांबेपर्यंत, आणि मग तेच वाक्य त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. हजार माणसं घामाने निथळत होती, पण हातातला कागदसुद्धा कुणी हलवला नाही. नाटकाचं नाव विचारशील तर आठवत नाही, नटाचंही नाही. वाक्य आठवतं, पण ते इथे लिहिण्यासारखं काही विशेष नाही. ‘किल्ली फडताळात आहे,’ एवढंच.

आणि धनवटे आता कुठे आहे असं आजोबांनी विचारलं तर जपून सांग. ते पाडलं, त्या जागी विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल उभं राहिलं, हे त्यांना माहीत असणारच. तरी माझ्या पिढीतली माणसं आजही रिक्षावाल्याला ‘धनवटे’ सांगतात. जमलंच तर नोव्हेंबर-डिसेंबरात हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या एखाद्या प्रयोगाला त्यांना घेऊन जा. तिकीट नाममात्र असतं. कडेची खुर्ची धर, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणाच्या गुडघ्यांवरून जायला नको. नाटक वाईट निघालं तर उत्तमच. रेकॉर्डिंगला तासभराचा मजकूर मिळेल.

प्रश्न : पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक एकदा बघायचं आहे. कधी, कुठे जावं? नागपूरच्या सभागृहात पाहिलं तर चालेल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चालेल, पण ते हुरडा ताटात वाढून घेतल्यासारखं. भाऊबीज झाली की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. धान निघालेलं असतं, हातात पैसा असतो. नाटक कंपन्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे गेलात की आज कुठल्या गावात कुठलं नाटक, ते फलकांवरून कळतं. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे. गावातल्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी गेलात तर दिवसही कारणी लागेल.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मधल्या लावणीला नाक मुरडू नका, ती तिथल्या प्रेक्षकाची मागणी आहे, आणि याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली आहे. मी गेले तेव्हा शेजारच्या बाईने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि न विचारता तिची अर्धी गोधडी माझ्या पायांवर टाकली. तेव्हा स्वेटरच्या भरवशावर राहू नका, गोधडी घेऊन जा. मोठी न्या.