भक्तीला का जायचं, हे विचारलंस म्हणून

प्रिय करुणा,

रविवारी भक्तीहून, म्हणजे आपल्या चर्चच्या सामूहिक उपासनेहून, परत येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, देव सगळीकडे आहे ना? मग माझ्या खोलीत केलेली प्रार्थना का चालत नाही? आणि दर वेळी भक्तीला यायचंच, ही देवाची आज्ञा आहे की तुमची?" मी काही बोललो नाही, आईने विषय बदलला. तुझं शेवटचं वाक्य मला लागलं. उद्धटपणा वाटला म्हणून नव्हे. तुझ्या वयात माझ्याही मनात हेच यायचं, पण आमच्या घरात ते विचारायची सोय नव्हती.

इथे कॅनडात, मिसिसागातल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमणारी आपली मराठी ख्रिस्ती मंडळी तुला परकी वाटते, हे मला दिसतं. निम्मी गाणी तुला कळत नाहीत. बायबलची वचनं काढून तुला पटवायला मी बसलेलो नाही. मी जिथून आलो तिथलं थोडं सांगतो, एवढंच.

आमच्या नेवाशाकडच्या गावात चर्चला घंटा नव्हती. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, याकोबआजोबा तो ठोकायचे. तो आवाज मळ्यापर्यंत जायचा. आत सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, दळणासाठी ज्वारी काढली की आधी एक मूठ डालड्याच्या पिवळ्या डब्यात टाकायची. ती मूठ देवाची. शनिवारी रात्री तो डबा रुमालात रिकामा करायचा, गाठ मारायची, आणि रविवारी पाळकांसमोरच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसमोरच्या, पाटीत ओतायची. प्रत्येक बाईची गाठ सुटायची आणि ज्वारीवर बाजरी, बाजरीवर तूर पडत जायची. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, सरकारी सुकडीवर दिवस काढायची. तेव्हाही डबा बंद झाला नाही. "मूठ बारीक केली," असं ती सांगायची. पाटीतलं धान्य त्या वर्षी ज्यांची चूल पेटत नव्हती त्यांच्या घरी गेलं, आणि एका आठवड्यात ते आमच्याच घरी आलं. आज्ञा पाळणं म्हणजे काय, हे मी त्या डब्यापाशी शिकलो. आजीला कधी त्यावर बोलताना मी ऐकलं नाही.

पण सगळं असंच होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सुलोचनाआत्याने मंडळीबाहेर लग्न केलं तेव्हा मंडळीच्या पंचांनी तिला प्रभुभोजन, म्हणजे भक्तीत सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, बंद केलं, आणि ते देवाच्या आज्ञेच्या नावाने केलं. सगळे उठून पुढे जायचे आणि ती मागे दाराशी बसून राहायची. आजी पंचांना उलट बोलली नाही. ती पुढे जायची, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, आणि परतताना आपल्या जागेवर न जाता आत्याशेजारी जाऊन बसायची. वर्षानुवर्षं. ती आज्ञा देवाची होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. म्हणून तू "आज्ञा कुणाची" असं विचारतेस तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर नसतं. माणसं स्वतःचं म्हणणं देवाच्या तोंडी घालतात. मीही घालत असेन. तसं दिसलं तर मला थांबव.

टिळकांचं नाव तू घरात ऐकलं आहेस. रेव्हरंड नारायण वामन टिळक. नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ मध्ये, पण ख्रिस्ताची गाणी अभंगाच्या चालीवर आमच्या माणसांच्या तोंडी खरी बसवली ती टिळकांनी. शांतवनकाका पेटीवर बसले की बहुतेक त्यांचंच पद धरायचे. १९१७ मध्ये याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. देव आपल्याला वेगळ्या वाटेने बोलावतो आहे, अशी त्यांची खात्री होती. पण मिशन सोडून ते घरी एकटे बसले नाहीत. त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना, न घेतलेल्यांनाही त्यात बोलावलं. देवाचं ऐकायचं म्हणून संस्था सोडणारा माणूसही पुन्हा चार माणसं जमवतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. तुझे आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. पहिल्याच रविवारी रूळ वाजला आणि आजी माझ्या आईला म्हणाली, "ऊठ, पातळ बदल, भक्तीची वेळ झाली." मला आजीचा भयंकर राग आला. आई उठली. चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं, पण तिचे ओठ मिटलेले होते. एस्तेरमावशी तिच्या शेजारी सरकली आणि गाताना एकेका ओळीखालून बोट फिरवत राहिली, कडवं संपलं की पुढच्या कडव्यावर. आईने नुसतं त्या बोटाकडे बघायचं. बाकीच्या बाया त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्याने गात होत्या. असे कितीतरी रविवार गेले.

आजीने बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. मोठेपणी आईला विचारलं तर म्हणाली, "सासूबाईंचा राग आला होता रे. पण घरी बसून मी भिंतीच बघितल्या असत्या."

खोलीतली तुझी प्रार्थना देव ऐकतोच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तू ती करतेस याचा मला आनंद आहे. पण माझ्या खोलीत एस्तेरमावशी नसते. आपल्या हॉलमध्ये त्या नवीन आलेल्या नर्सताई कोपऱ्यात बसतात, त्यांचा नवरा अजून पुण्यात आहे, व्हिसा होत नाही. मागच्या महिन्यात त्या गाताना मध्येच थांबल्या. त्यांच्या शेजारी कोण सरकणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तू आता पंधरा वर्षांची आहेस, तुला गाडीत बसवून नेणं मी थांबवतो. मैत्रिणीबरोबर तिच्या इंग्रजी चर्चला जायचं म्हणत होतीस, खुशाल जा, मी सोडायला येईन. मराठी भक्तीला मी आणि आई जातच राहू. ऑक्टोबरमध्ये कापणीचा सण आहे, त्याला मात्र तू यावंस असं मला मनापासून वाटतं. भक्तीनंतर भाज्यांचा लिलाव असतो, आणि यंदा अंगणात तू लावलेला भोपळा मला तिथे ठेवायचा आहे. द्यायचा की नाही हे तू सांग, शुक्रवारपर्यंत सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा