एक काम अंगावर घे

प्रिय पोरी,

परवा रात्री ओट्यावर तू जे बोललीस त्यावर मी नुसतं हं-हं केलं. आत तुझी आई जागी होती आणि तिच्या देखत मला तोंड उघडायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोनवर एवढं टाइप करत बसायची माझी बोटं नाहीत. कागदावर लिहितोय, शेजारचा पोरगा फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लावून घे.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. ऑफिसात तू 'बदलापूरवाली'. उशीर झाला की आधी गाडीची चौकशी, मग कामाची. इथं गल्लीत तू 'ती मुंबईला जाते ती'. पवईला मैत्रिणीबरोबर खोली मिळतेय. इकडे वडिलांनी बिल्डरच्या पुनर्विकासाच्या कागदावर अजून सही केलेली नाही, आणि त्यावरून घरात रोज भांड्यांचा आवाज. या सगळ्याच्या वर तुझा तो प्रश्न, "काका, मी नक्की कुठली?"

नोकरी टिकव, आईबापांना जप, चार पैसे बाजूला टाक, हे सांगायला मी बसलेलो नाही. तेवढं तुला कळतं. माझं सांगणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. जिथं राहतेस तिथलं एक काम अंगावर घे. एकच घे. आणि मग सोडू नकोस.

'कुठली' हा प्रश्न बदलापुरात कुणी विचारला की मला हसू येतं. इथं मूळचं कोण? ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी. बाकी आपण सगळे गाडीतून उतरलेले. 1982 च्या संपानंतर लालबाग-परळची खोली विकून आलेले, गिरगावच्या चाळीत भावाभावांना जागा पुरेना म्हणून आलेले, तुझ्या आजोबांसारखे संगमेश्वरहून थेट इथं ट्रंक घेऊन आलेले, खानदेशातले, घाटावरचे. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं. 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. पुढचा हिशेब सकाळी स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून तूच कर. तेव्हा जन्मानं इथला हा मुद्दाच निकालात निघतो. आधार कार्डावरच्या पत्त्यानंही माणूस इथला होत नाही. वर्षानुवर्षं पत्ता इथला आणि माणूस कुठलाच नाही, अशी घरंच्या घरं मला माहीत आहेत. पहाटे अंधारात गाडी, रात्री अंधारात रिक्षा, रविवारी दुपारपर्यंत झोप, आणि उठल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर 'या गावात कसली सोय म्हणून नाही'. ज्या गावाचं एक काम तुझ्या अंगावर आहे त्या गावची तू. माझ्याकडे याला दुसरं उत्तर नाही.

आणि ते तुझं "इथं काही घडतच नाही." खरं सांगतो, राग आला. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुरात अडकली. हजारावर माणसं त्या गाडीत. हेलिकॉप्टरं आणि बोटी देशानं टीव्हीवर पाहिल्या, तूही पाहिल्यास. त्याच पाण्यात आपल्याकडे हेंद्रेपाडा, रमेशवाडीतले तळमजले बुडाले होते, आणि तू तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणीकडे डोंबिवलीत होतीस. तो तुझा दोष नव्हे. पण 'घडत नाही' म्हणू नकोस.

माझं काम तुला ठाऊक आहे. गल्लीतली पोरं मागून 'पाणीकाका' म्हणतात तेही मला ठाऊक आहे, म्हणोत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मी ते अंगावर घेतलं. पाऊस धरून लागला की नदीवर जायचं, पाणी बघायचं, आणि खालच्या अंगाच्या तळमजल्यांना वेळेत सांगायचं. बस्स. उल्हासची इथली इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची 17.50. हे आकडे आता सगळ्यांच्या फोनवर येतात. मग तुमचं काय काम उरलं, असं तुझ्या भावानंच मला विचारलं होतं. त्याला म्हणावं, आकडा फोनवर येतो, पण कोपऱ्यातल्या आजी रात्री फोन बंद करून झोपतात. क्लासवाल्या बाईंचा इन्व्हर्टर जमिनीला टेकून ठेवलेला आहे. मागच्या चाळीत एकाला इन्सुलिन लागतं आणि त्याचा फ्रिज खाली आहे. हे कुठल्या ॲपला माहीत आहे?

त्या एका कामापायी मला काय काय शिकावं लागलं, त्याची तुला कल्पना नाही. दर पावसाळ्यात ग्रुपवर बोंब उठते, 'बारवी धरणाचे दरवाजे उघडले, पळा'. अरे, बारवी नदी उल्हासला मिळते ती आपल्या पुढे, खालच्या बाजूला. तिचं पाणी सुटलं की काळजी रायत्याच्या पुलाकडच्या लोकांनी करायची. आपल्याकडे पाणी चढतं ते कर्जत-नेरळच्या आणि घाटातल्या पावसानं. म्हणून मी आभाळाकडे बघत नाही, नेरळला फोन लावतो. तिथं माझा गाडीतला जुना दोस्त आहे. तिघांच्या बाकावरची ती अर्धवट चौथी सीट आम्ही दोघांनी आलटूनपालटून सोसली. तो म्हणाला 'इकडे रात्रीपासून थांबलेला नाही' की मी चप्पल घालतो. आणि ही नदी मे महिन्यातही वाहताना दिसते ती कशामुळे, माहीत आहे? घाटावरच्या धरणातलं पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून खाली उतरतं, त्यावर. नदीवरच्या बॅरेजवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, आपल्या नळाला येतं ते तेच. तू लहानपणापासून ते पितेस. मला हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, बँकेत तर नाहीच. एक काम अंगावर घेतलं आणि त्यानं मला या माहितीच्या मागे पळवलं.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही रिटायर. तेव्हा रिटायर नव्हतो. फोर्टातल्या शाखेत होतो, रोज जाऊन-येऊन चार तास गाडीत. त्याच सुमारास बढतीचं पत्र आलं होतं, नागपूर. मी नको म्हणून लिहून दिलं. शाखेतले हसले. माझ्या मागून लागलेले दोघे पुढे गेले, त्यांची पेन्शन माझ्यापेक्षा बरी आहे, हे तुझी काकू दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता सुचवते. आणि माझी लेक, तिला तू ओळखतेस, ती काय म्हणते ऐक. "बाबा, तुम्ही नदीसाठी वगैरे थांबला नाहीत. तुम्हाला नवीन गावात जायची भीती वाटली, आणि मग तुम्हाला नदी सापडली." पुण्याहून फोनवर म्हणाली. यावर मी फार विचार केलाय. समजा भीतीनं थांबलो. तरी थांबल्यावर जे केलं ते केलंच ना? नागपूरला गेलो असतो तर मोठा साहेब झालो असतो आणि तिथल्या क्वार्टरच्या पत्त्यावर पाच वर्षं राहून दुसऱ्या क्वार्टरच्या पत्त्यावर गेलो असतो. तिला हे पटत नाही. न पटो. एक सल मात्र आहे. ती दहावीत असताना मी पावसाळी रात्री नदीवर असायचो, घरी तिचं भूमितीचं पुस्तक उघडं आणि समजावायला कुणी नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ती मागतही नाही.

जाऊ दे. मूळ मुद्द्यावर येतो. काम कसलं घ्यायचं ते मी सांगणार नाही. कसलं घेऊ नये ते सांगतो. ज्याला टी-शर्ट छापावे लागतात ते घेऊ नकोस. आपल्या इथं एक उत्साही तरुण मंडळ निघालं होतं. नदीस्वच्छता, वृक्षारोपण, मॅरेथॉन, रक्तदान, किल्ले स्पर्धा, सगळं एकाच वर्षात. दुसऱ्या वर्षी बॅनर उरला. त्यांचा मला राग नाही, कीव येते; चांगली पोरं होती, दहा कामांनी त्यांना खाल्लं. उलट बाजूला श्याम जोशींचं बघ. शिक्षक माणूस. जुनी मराठी पुस्तकं जमवायची, हे एक काम धरलं आणि त्यातून ग्रंथसखा वाचनालय उभं राहिलं. आज कुठून कुठून अभ्यासक पुस्तकासाठी बदलापूरला उतरतात. त्याच बदलापूरला, ज्याचं नाव तू ऑफिसात हळू आवाजात घेतेस. एवढं मोठं काम तुझ्या हातून होईल असं मी म्हणत नाही. माझ्या हातून झालेलं नाही. पण धरणं तसंच असतं.

2020 मध्ये नगरपरिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं प्रशासकाचा कारभार होता. नगरसेवक नाही, मग तक्रार कुणाकडे न्यायची? त्या काळात मला नीट दिसलं, गल्ली चालते ती कुणाच्या जिवावर. पावसाआधी गटारावरच्या जाळ्या कोण मोजतं, दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून महावितरणला फोन कोण करतं, एकट्या म्हाताऱ्यांना बँकेत हयातीच्या दाखल्याला कोण नेतं. प्रत्येकाचं एकेकच काम होतं. कुणाचा सत्कार झाला नाही. आणि यातली निम्मी माणसं नोकरी करणारी होती, बाई, सकाळची गाडी पकडणारी. तेव्हा 'वेळ नाही' हे मला सांगू नकोस. आठवड्याचे दोन तास मागतोय. तेवढा वेळ तू त्या मालिका बघण्यात घालवतेस, मला खिडकीतून दिसतं.

पवईचं विचारलंस. जा ना! मी का नाही म्हणू? तुला वाटलं असेल, काका स्वतः थांबले म्हणून मलाही बांधून घालणार. रोजचे ते तास वाचतील, झोप मिळेल, लग्नाआधी स्वतःच्या किल्लीनं दार उघडण्याचं सुख मिळेल. ते घ्यावं माणसानं. फक्त तिथं गेलीस की तिथलं एक काम अंगावर घे, भाड्याची खोली असली तरी. नाहीतर पवईतही तू 'ती सातव्या मजल्यावरची' होशील आणि मला पुन्हा ओट्यावर तोच प्रश्न ऐकावा लागेल. आणि राहिलीस इथंच, तर 'नाइलाजानं राहिले' हा चेहरा घेऊन राहू नकोस. मेट्रो 14 येईल, कल्याणपासूनच्या नव्या लाइनी होतील, पनवेलच्या अंगानं डोंगरातून बोगदा काढलाय तो महामार्ग सुरू होईल, मग बदलापूरला भाव येईल, हे सगळं दलाल तुला सांगतीलच. येऊ दे भाव. त्याची वाट बघत बसण्याला राहणं म्हणत नाहीत.

राहिला घराचा कागद. इथं मी काका म्हणून बोलत नाही, नदी बघणारा म्हणून बोलतो. पुनर्विकासात कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती, यावर तुझे वडील तासन् तास बोलतात. एक गोष्ट कुणी विचारलेली नाही: तुमचा प्लॉट पूररेषेच्या कुठल्या बाजूला पडतो? निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असं पाणी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. नकाशावर दोन्ही आखलेल्या असतात. बिल्डर रंगीत ब्रोशर दाखवतो, त्यात दोन्ही नसतात. तळमजल्यावर फ्लॅट देतो म्हणाला तर स्वस्तात दिला तरी नको. आणि मागची दोन जांभळाची झाडं 'हलवू' म्हणतोय ना? बदलापूरच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यानंतरही झाडं पडतातच आहेत. तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, नोटीस निघते, हरकत घेता येते. ती नोटीस कधी लागते, कुठल्या झाडावर लागते, हे आपल्या वॉर्डात आजवर कुणी नेमानं वाचलेलं नाही. मी काम सुचवणार नव्हतो. सुचवलं. तुझं तू बघ.

वडिलांना म्हणावं, रविवारपर्यंत सही थांबवा. मी सकाळी आठला येतो नकाशा घेऊन. तूही उठलेली अस. आणि शनिवारी येताना स्टेशनबाहेर ठाकूरवाडीच्या बाया बसल्या असतील तर त्यांच्याकडून काकडं, ती आंबट रानफळं, घेऊन ये. काकूनं शेवळाची रानभाजी आणून ठेवलीय, आणि काकडांशिवाय केली तर घसा खाजतो.

तुझा,
काका